प्लास्टिकचं सफरचंद

"काएरु!" अभ्यंकर सेन्सेई, म्हणजे आमच्या जपानीच्या बाई, म्हणाल्या आणि आम्ही पळालो.

हॉलचे तीन कोपरे ठरलेले होते. खिडकीपाशी पहिला गट, दारापाशी दुसरा, फळ्याखाली तिसरा. सेन्सेई एक जपानी क्रियापद उच्चारणार आणि ते ज्या गटातलं असेल त्या कोपऱ्यात आम्ही धावत जाऊन उभं राहायचं. नोमु म्हणजे पिणे, खिडकी. ताबेरु म्हणजे खाणे, दार. तिसऱ्या गटात येणं आणि करणं एवढी दोनच क्रियापदं, म्हणून फळ्याखाली जायला मला आवडायचं. तिथे चुकायला जागाच नव्हती. काएरु म्हणजे घरी परतणे. ऐकायला ते सरळ दुसऱ्या गटातलं वाटतं आणि निघतं पहिल्यातलं. मी दाराकडे पळाले. पोचल्यावर वळून पाहिलं तर मी एकटीच. बाकी सगळ्या खिडकीपाशी, नम्रता गावंडेच्या पाठीमागे दाटीवाटीने उभ्या.

"वानखडे-सान," सेन्सेई म्हणाल्या. नुसतं आडनाव आणि मागे मानाचं 'सान'. पुढे काही नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण अभ्यंकर सेन्सेई ओरडत नसत. पुण्याहून आलेल्या, पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आवाज इतका हळू की ऐकताना आपणच श्वास धरून ठेवायचा. आडनाव घेऊन त्या गप्प बसायच्या आणि आपलं काय चुकलं ते आपणच शोधायचं. माझी त्यांच्यापुढे पाचावर धारण बसायची. मी मुळातच भित्री. दवाखान्यात रक्त पाहून कधी डोळे फिरले नाहीत, पण कोणी वरच्या पट्टीत बोललं किंवा अजिबातच बोललं नाही की मी आधी माफी मागून मोकळी होते.

अमरावतीत एका फर्निचरच्या दुकानावर ते प्रशिक्षण केंद्र होतं. मधल्या मजल्यावर हॉल, वर आमच्या खोल्या, त्यावर गच्ची. आम्ही सगळ्या नर्सिंग झालेल्या, आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या. जपानी शिकायचं, निवड झाली की तिकडच्या वृद्धनिवासात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जायचं. पहिले काही दिवस सेन्सेईंनी मराठीतून समजावलं. वा, गा, ओ, नि, दे, ए हे शब्दांमागे लागणारे तुकडे त्यांनी फळ्यावर मांडले आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. आपण घराला, घरात, घराने म्हणतो ना? जपानी माणूस तेच जोडून न लिहिता सुटं ठेवतो." त्यानंतर हॉलमध्ये मराठीला बंदी. एक शब्द जरी निघाला तरी बाहेर जिन्यात उभं राहायचं. मी इतकी उभी राहिले की खालच्या दुकानातल्या सोफ्यांच्या किमती मला पाठ झाल्या.

नम्रता कधीच जिन्यात गेली नाही. दर्यापूरकडची, माझ्याच खोलीत राहणारी, हसतमुख, आणि क्रियापदांची तर मशीन. सगळ्या तिच्यावर नजर ठेवून कोपरा पकडायच्या. हे लक्षात आल्यावर सेन्सेई तिला मुद्दाम शेवटी पळायला लावायच्या आणि मग हॉलभर नुसता गोंधळ.

खोलीत तिच्या पलंगाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं मडकं असायचं. मी विचारलं तेव्हा म्हणाली, घसा धरतो, म्हणून मडक्यातलंच पाणी पिते. पण त्या मडक्यातून पाणी पिताना मी तिला कधी पाहिलं नाही. आमच्याकडे फ्रिज नव्हता आणि अमरावतीचा उन्हाळा सुरू झाला होता, एवढं जुळवायला नर्सला किती वेळ लागावा? मला लागला. एका दुपारी बाथरूमचं दार नुसतंच लोटलेलं होतं. मी ढकललं. ती कुडता वर करून उभी होती, पोटाला सुई लावलेली. मडकं शेजारीच, आत गार राहायला ठेवलेली इन्सुलिनची बाटली.

माझ्या तोंडून किंकाळीच निघायची, पण तिने हाताने माझं तोंड दाबलं आणि पायाने दार लावलं.

"कधीपासून?" मी कुजबुजले. "नम्रता, तुला शुगर आहे?"

तो शब्द मीच उच्चारला. तिने होकारार्थी मान हलवली.

"कोणाले सांगजो नको, करुणा. आईची शपथ घे."

"अगं पण निवड झाल्यावर रक्त तपासतात."

"तवाचं तवा पाहू. तिकडं पोचलो म्हंजे निभते."

"आणि मधेच काही झालं तर?"

"तू हायेस नं," ती म्हणाली आणि सुई कागदात गुंडाळायला लागली.

मग तिने हळूहळू सांगितलं. शाळेत असतानाच निघालं होतं. आईने त्याच दिवशी ठरवलं की हे घराबाहेर जाणार नाही. औषध दर्यापुरात घ्यायचं नाही, ओळखीचं कोणी बघेल. आई अकोल्याला जाऊन आणायची आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर गुडघ्याचं तेल म्हणून सांगायची. लग्नाच्या पंगतीत नम्रताने दोन जिलब्या खायच्याच, नाहीतर लोक म्हणतील खात का नाही. मग घरी येऊन सुई. आता धाकटी पल्लवी बी.ए. झाली होती आणि तिचं एका घरी लग्न जमत आलं होतं.

"त्यायले कळलं तर म्हनतीन, एकीले हाये म्हंजे घरान्यातच हाये. पल्लवीचं मोडते मंग. आन कांचन माह्याच गावची हाये. तिले कळलं म्हंजे देवळाच्या भोंग्यावर सांगितल्यासारखं."

कांचन राऊत आमच्याच वर्गात होती. मनाने वाईट नव्हती, पण तिच्या पोटात पाणीसुद्धा राहायचं नाही.

मी शपथ घेतली. त्या दिवसापासून वर्गात क्रियापदं कसली डोक्यात शिरतात! माझं सगळं लक्ष नम्रताच्या कपाळावर. घाम आला का? हात थरथरतोय का? कोपऱ्यांच्या खेळात ती जास्त पळाली की मला धाप लागायची. ती खिशात टॉफ्या ठेवायची, मीही ठेवायला लागले. एकदा फळ्यासमोर तिची जीभ जराशी अडखळली, तर मी खोकल्याची उबळ आल्याचं नाटक करून वर्ग थांबवला आणि तिला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं. जिन्यात टॉफी चघळत ती हसत होती.

"तू मले मारून टाकशीन भेवानंच," ती म्हणाली.

"मी? मी तुला?"

सेन्सेईंना सांगून टाकावं असं रोज मनात यायचं. मग ते नुसतं "वानखडे-सान" आठवायचं आणि मी गप्प.

निवडीचा दिवस आला. पडद्यावरून मुलाखत घ्यायला जपानमधल्या एका वृद्धनिवासाच्या प्रमुख ओनुकी-सान येणार होत्या. दोघी-दोघींच्या जोड्या केल्या होत्या; प्रत्येक जोडीने एक प्रसंग करून दाखवायचा, एकीने म्हातारी व्हायचं, दुसरीने तिची काळजी घ्यायची. खोलीतल्या म्हणून आम्ही दोघी एका जोडीत. सगळ्यांना केंद्राने पांढरे शर्ट आणि काळ्या पँट दिल्या होत्या. खिसे नव्हतेच. फुगलेले खिसे वाईट दिसतात, असं सेन्सेईंचं म्हणणं.

सकाळी अंग मोकळं व्हावं म्हणून त्यांनी आम्हाला कोपऱ्यांत पळवलं. पोहे कोणाच्याच घशाखाली उतरले नव्हते. मुलाखती जेवणानंतर होत्या. मेसवाल्या काकांची गाडी खाली थांबली की नम्रता बाथरूममध्ये जायची आणि डबा उघडेपर्यंत परत यायची, हा तिचा रोजचा शिरस्ता. त्या दिवशीही गाडी आली, ती गेली, आली, मला डोळ्यांनीच सांगितलं की सुई झाली.

तेवढ्यात हॉलमधला मोठा टीव्ही उजळला. ओनुकी-सान येऊन बसल्या होत्या. वेळेच्या बऱ्याच आधी. तिकडे वेळेवर येणं म्हणजे आधी येऊन बसणं असतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. पण शिकलेलं अंगावर येतं तेव्हा वेगळंच वाटतं.

आम्ही सगळ्या जिन्यात डब्यांपाशी होतो, सेन्सेई तिथे आल्या. जपानीतच म्हणाल्या, "पाहुण्यांना थांबवायचं नाही. जेवण नंतर. पहिली जोडी, गावंडे, वानखडे."

सुई घेतली की लगेच खावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर एकदम खाली येते. मी नम्रताकडे पाहिलं.

"टॉफी?" मी नुसते ओठ हलवले.

"उशीखाली," तिने तसंच सांगितलं.

मी वरच्या जिन्याकडे वळले.

"वानखडे-सान. दोको ए?" कुठे निघालात?

"तोइरे ए," मी म्हटलं. बाथरूमला.

"आतो दे." नंतर.

तिथे एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मराठीत, जपानीत, कशातही. नम्रताने माझा हात घट्ट धरला आणि कानाशी म्हणाली, "पाच मिन्टाचं तं काम हाये. चाल." आणि आम्ही आत गेलो. बाकीच्या मुली बाहेर राहिल्या. दार लागलं.

पाच मिनिटं कसली! आधी त्यांना आमचा आवाज जाईना, मग त्यांचा आम्हाला येईना. सेन्सेई वायरी काढून घालत होत्या. पडद्यावर ओनुकी-सान शांत बसून होत्या, केस बारीक कापलेले, चष्मा साखळीला अडकवलेला. शेजारी एक तरुण लिहून घेत होता. नम्रता खुर्चीत ताठ बसली होती आणि मी तिच्या मानेकडे बघत होते. कॉलरच्या कडेला ओल दिसायला लागली होती. बाहेर डबे उघडल्याचा आवाज आला, वरणाचा वास आला.

एकदाचा आवाज जुळला. ओनुकी-साननी प्रसंग दिला. या आजी जेवायला तयार नाहीत. त्यांना जेवायला लावा.

टेबलावर केंद्राचं सामान मांडलेलं होतं: एक काठी, पाण्याचा ग्लास, आणि ताटलीत प्लास्टिकची फळं. मी ताटली उचलली.

"ओबाआसान, गोहान ओ ताबेमाशो," मी म्हटलं. आजी, जेवू या.

"ताबेमासेन." नाही जेवणार. नम्रताने म्हाताऱ्या बाईसारखं तोंड फिरवलं. इतकं झकास केलं की पडद्यावरचा तरुण हसला.

"थोडंसं?"

"नाही. मुलगा येईल तेव्हा जेवेन." हे वाक्य आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं, तिने तिथल्या तिथे जपानीत जुळवलं. ओनुकी-साननी मान डोलावली.

मग मी काहीतरी विचारलं आणि तिने उत्तर दिलं नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे लागली होती. हात थरथरत होते. कपाळावरून घाम ओघळून भुवईत शिरला आणि तिने तो पुसला नाही.

"जोज़ु देसु ने," ओनुकी-सान कौतुकाने म्हणाल्या. छान करतेय.

"नमे," मी वाकून कुजबुजले. "साखर आणू?"

तिने माझं मनगट पकडलं आणि मान जोरात हलवली. नाही. मग ते मनगट सोडलं, ताटलीतलं सफरचंद उचललं आणि त्याला चावा घेतला. खराखुरा चावा. दात रुतल्याचा आवाज आला. ती चावतच राहिली, ते पोकळ प्लास्टिक तिच्या हातात चेपत गेलं, आणि पडद्यावरची दोघंही खळखळून हसली. सेन्सेईंच्या चेहऱ्यावरसुद्धा हसू होतं. त्या हॉलमध्ये घाबरलेली मी एकटीच होते, आणि एवढी मी त्याआधी कधीच घाबरले नव्हते.

"सेन्सेई, हे नाटक नाही!" मी ओरडले.

"निहोन्गो दे," सेन्सेई सवयीने म्हणाल्या. जपानीत.

"नाही येत मला जपानीत! हिला शुगर आहे. इन्सुलिन घेतलंय आणि पोटात काही नाही. साखर आणा! आधी साखर आणा!"

नम्रता खुर्चीवरून घसरली. मी तिला धरत धरत खाली कुशीवर निजवलं. आणि सेन्सेई पळाल्या. साडी मुठीत धरून, चपला तिथेच टाकून, चहाच्या खोलीकडे पळाल्या आणि साखरेचा अख्खा डबाच घेऊन आल्या. अर्धी साखर वाटेत सांडली. मी बोट पाण्यात बुडवून साखरेत घोळवलं आणि तिच्या गालाच्या आत चोळलं. पुन्हा. पुन्हा. जास्त घालायची सोय नव्हती, श्वासनळीत गेलं तर संपलंच. वॉर्डात हे मी किती जणांना केलं होतं, पण आता देवाचं नावसुद्धा आठवेना.

"गिळ, नमे. गिळ नं वं."

तिच्या गळ्याची हालचाल झाली. थोड्या वेळाने पुन्हा झाली. तिने जीभ फिरवली. सेन्सेई तिचे तळवे चोळत होत्या. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं तेव्हा त्यांनी दाराआडूनच जपानीत सांगितलं, चक्कर आलीय, उपाशी होती, आत येऊ नका.

नम्रताने डोळे उघडले. मग उठून बसली आणि ग्लासभर साखरपाणी घटाघटा प्यायली. पहिला प्रश्न विचारला तो असा: "कोन पाहून राहिलं?"

आम्ही तिघींनी एकदमच वर पाहिलं. टीव्ही चालूच होता. ओनुकी-सान उभ्या राहिल्या होत्या, दोन्ही हात टेबलावर टेकवून, चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलेला. त्यांनी सेन्सेईंना काहीतरी विचारलं.

सेन्सेई आमच्याशेजारी फरशीवर बसल्या. आणि मराठीत बोलल्या. त्या हॉलमध्ये, मराठीत.

"गावंडे, त्या विचारतायत, ही मुलगी काय ओरडली. त्यांना मराठीचा गंध नाही. पोटात अन्न नव्हतं म्हणून चक्कर आली, असं मी सांगू शकते. खोटंही नाही ते. तुम्ही म्हणाल ते सांगते. काय सांगू?"

सांग गं, मी मनात म्हणत होते. उपास होता म्हणून सांग. पल्लवीचं लग्न होऊ दे, तू विमानात बस, मग पुढचं पुढे. नम्रता सेन्सेईंकडे बघत होती. मग तिने शर्टाच्या बाहीने तोंडाला चिकटलेली साखर पुसली आणि पडद्याकडे वळली.

"वाताशि वा तोन्योब्यो देसु," ती म्हणाली. मला मधुमेह आहे.

आवाज जरासुद्धा कापला नाही. आजारांची जपानी नावं आम्ही नुकतीच शिकलो होतो. हे नाव तिने कधी पाठ केलं होतं कोण जाणे.

"कधीपासून?" ओनुकी-साननी विचारलं.

"शाळेत होते तेव्हापासून."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"आई. बाबा. करुणा."

"का सांगितलं नाही?"

"कोवाई देसु." भीती वाटते.

मग ओनुकी-सान बरंच बोलल्या. जपानी वाक्यात हो की नाही ते अगदी शेवटी कळतं, आपल्यासारखंच. आणि त्यांची वाक्यं लांब होती. प्रत्येक वाक्याच्या शेवटापर्यंत माझा जीव टांगलेला. सेन्सेई थांबून थांबून सांगत गेल्या.

"त्या म्हणतायत, आमच्याकडे दोघी जणी रोज इन्सुलिन घेऊन काम करतात. त्याने काही अडत नाही. पण आमच्याकडे स्वयंपाक्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे की त्यांची साखर कुठल्या खणात असते. तुमच्यासोबत राहणाऱ्या मुलींना ठाऊक आहे का?"

"नाही," नम्रता म्हणाली.

"मग मी तुम्हाला कशी बोलावू? आधी त्यांना सांगा. आजच. तुमच्या भाषेत. सेन्सेई मला कळवतील. मग मी ठरवीन."

ओनुकी-साननी वाकून नमस्कार केला. आम्हीही फरशीवर बसल्या बसल्या वाकलो.

जिन्यात नम्रता म्हणाली, "हे नाही होनार माह्यानं. जपान गेलं चुलीत."

"आत्ताच तर बोललीस की तिथे."

"ते जपानीत होतं. तिथं कोन ओयखते मले? इथं कांचन हाये." ती भिंतीला टेकली. आता तिचा चेहरा पांढरा पडला होता. मघाशी पडली तेव्हासुद्धा इतका नव्हता. "आईनं इतके वर्षं झाकून ठेवलं, करुणा. मी एका मिन्टात उघडं करू काय?"

मी तिला वर नेलं आणि समोर बसून अख्खा डबा खायला लावला.

मुलाखती संपल्यावर सगळ्या गच्चीवर सावलीत बसल्या होत्या. नम्रता माझ्या मागून आली. सेन्सेईही आल्या, आमच्यात कधी न बसणाऱ्या, आणि खाली सतरंजीवरच बसल्या. "आज मराठी चालेल," एवढंच म्हणाल्या.

नम्रताने घसा खाकरला, हात पुढे जुळवले आणि सुरू केलं: "वाताशि वा..."

"आता काय आनखी वं?" कांचन म्हणाली. "मुलाखत झाली नं बाप्पा. मराठीत बोल."

नम्रताने माझा हात शोधला. "मले," ती म्हणाली आणि थांबली. गच्चीवर कपडे फडफडत होते. "मले शुगर हाये. शाळेपासून. रोज सुई घेतो. मी चूप झाली, का घाम आला, का येड्यासारखं करून राहिली, तर मले साखर देजा. उशीखाली टॉफ्या असतात माह्या."

मी कांचनकडे बघत होते. नम्रता तर डोळे मिटूनच बसली होती.

"मंग मागच्या महिन्यात माह्या वाढदिवसाले दोन-दोन गुलाबजाम कायले खाल्ले?" कांचन ओरडली. तिचे डोळे भरले होते. "मरून जाती तर माह्याच माथी आलं असतं नं वं!" आणि उठून तिने आपल्या बॅगेतला चिक्कीचा पुडा आणला आणि नम्रताच्या मांडीत आदळला. बाकीच्या मग एकदमच बोलायला लागल्या. एकीच्या वडिलांना होती, एकीच्या काकूला होती, सुई कुठे टोचतेस, दुखतं का.

ओनुकी-सानचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. आम्ही दोघी निवडल्या गेलो, कांचनही. गावात कळायचं ते कळलंच. पल्लवीच्या होणाऱ्या सासरच्यांनी बरेच दिवस फोन उचलला नाही, मग एक दिवस तिच्या रक्ताची तपासणी करून मागितली आणि लग्न केलं. आज इतक्या वर्षांनी ते सगळं माझ्या लक्षात आहे, पण पुसट. लख्ख आठवतो तो गच्चीवर सांगितलं त्याच संध्याकाळचा फोन.

नम्रताला घरी सांगायचं होतं, कांचनकडून गावात पोचायच्या आधी. गच्चीच्या कठड्याशी आम्ही दोघीच होतो. फोन मी धरला, स्पीकर लावून.

"आई, मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"शुगरचं."

"कोनाले?" आवाज लगेच खाली आला.

"सगळ्यायले. कांचनले बी."

पलीकडून टीव्हीवरच्या कुठल्याशा मालिकेचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. इतका वेळ की फोन कटला का म्हणून मी पाहिलं. कटला नव्हता.

"आई, बोल नं वं काही. शिव्या दे."

"थांब," आई म्हणाली. "दार लोटून घेतो."

टीव्हीचा आवाज बंद झाला. दाराची कडी वाजली. नम्रताने माझा दंड धरला, नखं रुतली. आता येणार, असं आम्हा दोघींनाही वाटलं. इतक्या वर्षांची मेहनत मातीत घातली म्हणून आता आई काय काय बोलेल, पल्लवीचं नाव घेऊन रडेल. पाटावर की खाटेवर, ती कुठेतरी बसल्याचा आवाज आला. श्वास ऐकू आला.

"कोनी काही बोललं काय तुले?"

"नाही. कांचन रडली. चिक्की देल्ली."

"चिक्की," आई म्हणाली. आणि मग, दार लावलेल्या खोलीतही कोणी ऐकेल अशा भीतीने, अगदी हळू विचारलं:

"मंग नमे, आता मी बी सांगू काय वं कोनाले? तुह्या मावशीले तरी?"